टाळूवरचं टोपडं

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. नेकनूरला मात्र मला सगळे 'आकडी'च म्हणत. मित्रांनो, माझं कूळ काही फार थोर नाही बरं का! निजामाच्या अमलातली गोष्ट. कचेरीतल्या एका कारकुनाची छत्री वावटळीत उलटी झाली आणि तिची एक काडी सिदू लोहाराच्या हाती लागली. त्याने ती तोडली, टोकाला खाच पाडली आणि इतकी घासली, की दोरा माझ्यावरून न अडकता सरकू लागला. पावसात भिजायचं काम सुटलं म्हणून मी मनातून खूश होते.

टोप्या विणणाऱ्या रशीदाबीने मला घेतलं आणि शेजारच्या भिवराबाईला विणकाम शिकवायला तिच्या हाती दिलं. कापूस वेचून, पाणी ओढून भिवराबाईची बोटं राठ झालेली. दोरा त्यांना सारखा अडके. तरी मला तिचा हात फार आवडे, कारण चुकली की ती स्वतःलाच हसायची.

त्या वर्षी चकलांब्याला तिच्या भावाला, शहादेवला, मुलगी झाली. बारशाला बाळाच्या डोक्यावर पहिलं टोपडं आत्याचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. पण भिवराबाईची आई, जानकीबाई, मोठी कडक. तिने निरोप धाडला, "बाजारचं मखमली टोपडं आणून ठिवलंय. तुझं नीट जमलं तरच घालू. टाळूवर भोक नगं, न् गाठ बी नगं." झालं! त्या दिवसापासून भिवराबाईचा जीव टोपड्यात अडकला.

गोल टोपडं टाळूपासूनच सुरू होतं. रशीदाबीची रीत अशी, की चार साखळ्या जोडून कडं करायचं आणि त्यात टाके घालायचे. मोठ्यांच्या टोपीला मधलं भोक चालतं, उलट वारा लागतो. बाळाला कसं चालेल? भिवराबाईने भोक शिवून टाकलं, तर तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली. उसवलं. दोनच साखळ्या घातल्या, तर मी आत शिरेना. पुन्हा उसवलं. सातव्यांदा उसवल्यावर दोरा पार पिंजून निघाला.

"घाला म्हणावं मखमल," ती म्हणाली आणि मुसमुसायला लागली. मलाही रडू येत होतं, पण लोखंडाला रडणं परवडत नाही, गंज चढतो.

दुसऱ्या सकाळी ती मला अंबाड्यात खोचून पाण्याला गेली. घागरीच्या गळ्यात दोराचा फास टाकून तिने घागर विहिरीत सोडली. भरलेली घागर ओढताच फास गच्च आवळला. रोजचंच काम ते, पण त्या दिवशी ती फासाकडे बघतच राहिली.

"अगं बया!" म्हणत तिने घागर काठावर टेकवली, मला उपसलं आणि ओच्यातला दोरा काढला. बोटाभोवती दोऱ्याचा सैल फास केला. शेपूट वीतभर मोकळं सोडलं. त्या फासातच मी सहा टाके घातले. मग तिने हळूच शेपूट ओढलं आणि भोक मिटलं! गाठ नाही, फट नाही. ती इतकी हसली, की विहिरीवरच्या बाया तिच्याकडे बघू लागल्या.

रशीदाबीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "अगे भिवरा, हे मला बी ठाव न्हवतं! आता तू शिकव मला. पन शेपूट तोडू नको हां. टाक्यांतनं आड घाल, मंग उलट फिरव. न्हाई तर धुतल्यावर उकलतं."

बारशाला जानकीबाईने टोपडं उलटं केलं, आतून अंगठा फिरवला, उजेडाला धरून पाहिलं. पाळण्याभोवतीच्या बायका वाकून बघू लागल्या.

"कुठनं सुरू केलंस गं? सुरवातच घावंना!"

"हिरीवरनं, आये."

सगळ्या खो खो हसल्या. जानकीबाईने स्वतःच्या हाताने ते टोपडं नातीला घातलं आणि लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मखमल खुंटीवरच राहिली. मग भिवराबाईने बाळाच्या कानात नाव सांगितलं, साखरा!

मित्रांनो, आता मी परकराच्या नाड्या ओवते. तक्रार नाही माझी. कोरड्या फडक्यात ठेवा आणि कधीमधी एखादा दोरा दाखवा, एवढ्यावर मी सुखी आहे. फक्त एक ऐका. सुरुवात बिघडली तर ती गाठीखाली झाकू नका, उसवा. ती गाठ विणणाऱ्याला दिसत नाही, पण बाळाला टोचते.