सात नंबरची बाटली

आमच्या जुन्या वसाहतीतल्या नळाचं पाणी इतकं गोड होतं की पाहुणे निघताना बाटल्या भरून नेत. भोवताली शेतंच शेतं, मधोमध विहीर, विहिरीवर पंप आणि सकाळी सहाला नळापाशी साऱ्या काकू-मावश्यांची थट्टामस्करी. त्या सकाळी आठवल्या की अजूनही जीव तिकडे ओढ घेतो. आई मात्र बाळाच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. माझी धाकटी बहीण जेमतेम तीन महिन्यांची, तिच्या दुधाच्या पावडरीसाठी आई पाणी अर्धं होईपर्यंत उकळायची, बाटली भरून मनगटावर एक थेंब टाकून बघायची आणि मी लुडबुडले की म्हणायची, "तू घोडी झालीस, तुला नळाचं चालतं."

बाळाचे आधी ओठ निळे पडले, मग नखं. चौथ्या दिवशी पाळणा रिकामा झाला.

शेतातल्या खतांचं नायट्रेट विहिरीत उतरलं होतं, आणि ते उकळून जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं, हे डॉक्टरांनी फक्त बाबांना सांगितलं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले त्या दिवशी बाबांनी ते मला सांगितलं आणि वर बजावलं, "आईच्या कानावर जाता कामा नये. ती उभ्या जागी संपेल." बाबा गेले. मी तीस वर्षं मूग गिळून गप्प आहे.

दर मंगळवारी जुन्या वसाहतीचे सात नमुने येतात. गेल्या महिन्यात सात नंबरची बाटली, म्हणजे आमच्याच गल्लीतल्या नळाची, हाताला कोमट लागली. बाकीच्या सहा गारठलेल्या.

"काका, ही बर्फात ठेवायची राहिली का?"

नमुने आणणारे काका दुखावले. "ताई, वीस वर्षं हेच करतोय. सातही एकाच पेटीतून आणल्यात."

नायट्रेटची मर्यादा लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमची. सहा बाटल्यांत चाळीसच्या आसपास, सातवीत ऐंशी. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं, तरी ऐंशीच. पुढच्या मंगळवारी बाटली चांगली गरम होती आणि आकडा एकशे साठ. तिसऱ्या मंगळवारी ती रुमालात धरावी लागली, तीनशे वीस. तेच पातेलं कुणीतरी दर वेळी अर्धं आटवत होतं जणू.

मी स्वतः वसाहतीत जाऊन आले. आमच्या तिथल्या जुन्या घराला कुलूप, नळाला गार पाणी. सगळं ठाऊक असूनही राहवेना, ओंजळभर प्यायले. तितकंच गोड होतं.

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. गुडघ्यांमुळे ती तीन वर्षांत जिना उतरलेली नाही, आणि कामाचा विषय मी घरात काढत नाही.

"आज किती आलं गं?" तिने विचारलं.

"काय किती?"

"सातव्या बाटलीचं. एवढं उकळून पाठवते, आता तरी शुद्ध आलं ना?"

तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचे तीन बारीक लाल ठिपके होते. पण तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की माझ्याने खरं बोलवेना.

"हो, आई," मी म्हटलं. "अगदी शुद्ध आलं."

किती वर्षांनी तिचा चेहरा सैलावला. उठण्यासाठी माझा हात धरत ती म्हणाली, "मग आता बाळाला द्यायला हरकत नाही. केव्हाचं भुकेलंय गं ते."