नुखैलाचा फुलोरा आणि सालमीनचा आवाज

जरा जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. गोष्ट मधाची आहे आणि मध काही लांबून चाखता येत नाही. एका माणसाच्या आवाजावर अख्ख्या खोऱ्याने विश्वास टाकला, त्याची ही गोष्ट. पण ती सुरू होते मुजनापासून.

दौअनच्या खोऱ्यातल्या करामा मधपाळाची मुजना ही थोरली लेक. शिकली आणि समुद्रकाठच्या मुकल्ला शहरात शेतकी कचेरीत लागली. उपग्रहाने वरून टिपलेली चित्रं बघायची, कुठल्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या दरीत, पूर येऊन गेला, कुठली झाडं हिरवी झाली ते हुडकायचं आणि मधपाळांना फोनवर कळवायचं, हे तिचं काम. मोठं पुण्याचं काम, पण त्याला यश येईना.

त्या वर्षी पावसाने खोऱ्याकडे पाठच फिरवली होती. बोरीसारखी ती काटेरी सिदरची झाडं धुळीने पांढरी पडलेली. माश्या पेट्यांच्या तोंडाशीच मरून पडत. मेलेल्या माश्या करामा रोज सकाळी झाडूने गोळा करी आणि कुणाला दिसू नये म्हणून परसात पुरी. आठवडाभरात पेट्या हलल्या नाहीत, तर पुरायलाही काही उरलं नसतं.

फक्त एके ठिकाणी, डोंगरापलीकडच्या वादी नुखैलात, अल्लाहच्या मर्जीने एक चुकार ढग रिता झाला होता. मुजनाने आधी रंगीत नकाशा धाडला. लोकांना वाटलं, फोनची काच बिघडली. मग तिने साध्या शब्दांत लिहिलं, ‘नुखैलात सिदर हिरवा झालाय, फुलोरा येईल, पेट्या तिकडे न्या.’ तरी एक गाडी हलली नाही.

त्याचं असं आहे. दौअनचा मधपाळ नमाज चुकवत नाही, वजनात मारत नाही, पण फुलोरा कुठे आहे हे जन्मात खरं सांगत नाही. उगवतीला फुलला तर मावळतीकडे बोट. यात कुणी रागावतही नाही. मुजना लहान असताना करामाच तिला दारात उभी करून जायचा, ‘कुणी विचारलं तर सांग, बाबा समुद्राकडे गेलेत.’ आणि ती इतक्या निरागस डोळ्यांनी सांगायची, की शेजारचा फरज दोनदा पेट्यांसकट समुद्र बघून आला होता.

तोच फरज आता चहाच्या दुकानात म्हणाला, “करामाची पोर नुखैला म्हणतेय ना? मग नुखैला सोडून कुठेही चला.”

गुरुवारी दुपारी मुजना घरी आली. जेवण झालं तसं करामाने उठून दार लावून घेतलं.

“हं, आता सांग. कुठे फुलणार आहे?”

“नुखैलात, बाबा. कळवलं होतं की.”

“ते लोकांसाठी झालं. मी तुझा बाप आहे.”

“बाबा, खरंच नुखैलात.”

 करामा कौतुकाने मान हलवून म्हणाला, “बापालासुद्धा नाही. शाबास. माझ्यापेक्षा पुढे गेलीस.”

मुजनाला हसू यावं की रडू, कळेना. परसातली उकरलेली माती तिने येतानाच पाहिली होती. ती तशीच उठली आणि सालमीनच्या घरी गेली.

सालमीन एकेकाळचा नामी मधपाळ. पण उतारवयात त्याचं अंग माशीचा डंख सोसेना. घसा सुजून एकदा मरता मरता वाचला. डॉक्टरने तंबी दिली आणि त्याने पेट्या पुतण्याला देऊन टाकल्या. आता दर गुरुवारी मशिदीच्या अंगणात डफ घेऊन तो प्रेषितांचं गुणगान गायचा, आणि असा गायचा की ऐकणाऱ्याचं मन धुऊन निघावं. खोऱ्यात खरं सांगितलं जाई ते त्याला एकट्याला. पेट्याच नाहीत, तो ऐकून काय करणार? आणि ऐकलेलं त्याच्या ओठाबाहेर कधी पडलं नाही.

“काका, तुमचंच ऐकतील ते,” मुजना म्हणाली.

“पोरी, लोक माझ्या कानात सांगतात, तेवढाच आता माझा मधाचा धंदा. एकदा तोंड उघडलं की मला कोण काही सांगेल?”

“पण हे कुणी कानात सांगितलेलं नाही, काका. वरून दिसलेलं आहे. तिथून बाबांच्या पेट्या आणि फरजकाकांच्या पेट्या वेगळ्या दिसत नाहीत.”

म्हातारा डफाच्या कातड्यावर बोटं फिरवत बसला. “आभाळाला दिसलं ते कुणाचं गुपित नव्हे,” तो शेवटी म्हणाला. “ये संध्याकाळी.”

त्या संध्याकाळी गाणं रंगलं. संपता संपता, सूर न सोडता, त्याने जोडून दिलं, “नुखैलात सिदर हिरवा झाला, ज्याच्या माश्या उपाशी त्याने निघावं.”



“सालमीन,” फरजने विचारलं, “यात तुला काय मिळणार?”

“सूज,” सालमीन म्हणाला.

आधी एकजण हसला, मग सगळेच. हसू ओसरेपर्यंत करामा पायात चपला सरकवून दाराशी पोचला होता. तिथे थांबला, मागे वळला. “फरज, माझ्या गाडीत जागा आहे. तुझ्या पेट्या टाक.”

नुखैलात प्रत्येक फांदीला कळे होते.

“खरं बोलत होतीस की,” करामा लेकीला म्हणाला. “पण अशी सरळ डोळ्यांत बघून का बोललीस? खोटं सांगायचीस तेव्हाही अश्शीच बघायचीस.”

तेव्हापासून मुजना दर आठवड्याला वरचं वर्तमान सालमीनला सांगते आणि त्याच्या आवाजात ते सगळ्यांच्या फोनवर जातं. पहिला मध उतरला त्या दिवशी करामा त्याला नुखैलात घेऊन गेला. सगळ्या काचा वर केलेल्या गाडीत म्हातारा बसून होता. बाहेर माश्यांचं गुणगुणणं, आत त्याचं. करामाने बोटभर काच खाली करून पोळ्याचा तुकडा आत सरकवला आणि काच पटकन चढवली. सालमीनने तो आधी डोळ्यांना लावला, मग तोंडात घातला.

तुमच्या जिभेवर कधी मध आला, तर काचेआडच्या त्या सालमीनची एकवार आठवण काढा.