गाठीत मी न्हाय

“मासेमारीची बंदी लागली की दवाखान्याचं बघतो, बोललेलात ना? लागली बंदी! आता म्हणे बोट रंगवायची!”

केसर ओरडतेय, थळच्या घरात, नवऱ्यावर. नवरा हिरामण नुसता खोकतोय. तो खोकला की मी हादरतो, कारण मी त्याच्या फुप्फुसात राहतो, एका पेशीच्या आत.

मित्रांनो, मी एक प्रोटीन हाय. नाव बीआरजी-वन. जुनाबिना न्हाय, आज सकाळीच बनलो. आमचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. पण काम ऐका. पेशीत दोन मीटर लांब दोरा असतो, डीएनए. एवढ्याशा जागेत मावायला तो बारीक बारीक गोट्यांवर घट्ट गुंडाळलेला. गुंडाळीत दबलेलं वाचता येत न्हाय. तिथे मी जातो. एका टोकाने गोटीवरची खूण पकडतो, मधल्या इंजिनात इंधन जाळतो आणि गोटी सरकवतो. दहा-बारा जोडीदार सोबत असतात, पण जोर माझा. गोटी सरकली की दबलेला हुकूम उघडा पडतो. त्यातला एक लय मोठा: ‘थांब, आता वाढू नको.’

शाबासकी कोण देणार? आमच्या पिढ्यांनी तीस वर्षं हिरामणच्या विडीचा धूर खाल्ला. त्या धुराने एका पेशीतला दोरा बिघडवला, नेमका माझा साचा होता तिथेच. त्या पेशीत मी बनेनासा झालो. हुकूम दबून राहिला. एकीच्या दोन पेशी झाल्या, दोनाच्या चार. झाली गाठ.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला होता, लेक प्राप्तीने आज त्याचा रिपोर्ट वाचला. तुकड्यातल्या चांगल्या पेशी तपासणीच्या रंगात तपकिरी झाल्या, म्हणजे तिथे आम्ही होतो. गाठीच्या पेशी कोऱ्या.

“म्हणजे काय गं?” हिरामणने विचारलं.

“गाठ जोरात वाढणारी हाय, बाबा. डॉक्टरांनी उद्याच बोलवलंय.”

“बोटीचं लाकूड उघडं पडलंय. नारळी पुनवेच्या आधी…”

“फळीला भेग दिसली तर जेवायला थांबत न्हाय तुम्ही!” केसरचा आवाज फुटला. “थुंकीत रक्त बघून चार महिने थांबलात!”

हिरामणने रंगाचा डबा केसरकडे सरकवला. मग म्हणाला, “हा विनेशला दे. माझा भाऊ हाय, बोटीचं बघेल तो.”

माझं डोकं फिरतं, मित्रांनो. हेच चार महिन्यांपूर्वी बोलला असता तर? घरात कुणी तीन आठवडे खोकत असेल तर हंगाम संपायची वाट बघू नका. मी माझ्या पेशीला थांब म्हणू शकतो. शेजारच्या गाठीत मला शिरता येत न्हाय.

आता माझीच पेशी दुभागायला निघाली, पण हे गरजेपुरतं, गाठीसारखं न्हाय. दोरा आवळत चाललाय. अशा वेळी आम्हाला त्याच्यावरून उतरावं लागतं. निघतो.