वाफेच्या चाकावरचा हात

देवळ्याच्या कांदा सुकवायच्या कारखान्यात वाफ कमी-जास्त करायचं चाक खंडेराव हातानं फिरवायचे. उष्णतेचा काटा चढला की आवळायचं, उतरला की सैल सोडायचं. नाहीतर कांदा करपायचा.

आज त्यांच्याच लेकीनं, योगिनीनं, तिथं आपोआप उघडमीट करणारा व्हॉल्व्ह बसवला. तो नीट चालला तर अण्णांचं काम संपणार, हे साहेबांनी तिला कालच सांगितलं होतं.

“अण्णा, हात काढा आता.”

“काढतो गं. चाक काय पळून चाललं नाय.”

काटा थोडा थरथरला नि झोळीतल्या लेकरागत हळूहळू निजला.

“लवकर शिकला की!”

“तुमचा हात बघूनच शिकवलंय त्याला.”

खंडेराव हसले.

“मग उद्या यायचं का नाय मी?”

“आज घरी बरोबरच जाऊ, अण्णा,” एवढंच ती बोलली.