पेनाचा आवाज

लीलाबाईनं इन्सुलिनचं नवं पेन कानाशी धरलं आणि त्याची शेपटी हळूच फिरवली. काही नाही. आणखी थोडी फिरवली. तेल घातलेल्या बिजागरीसारखी ती मुकाट फिरत राहिली. चार घरं फिरली की चोवीस, ते त्या पेनालाच ठाऊक.

"काकू, द्या इकडे," शेजारची रश्मी म्हणाली.

"थांब वं. एक डाव आणखीन."

रश्मी थांबली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हातारीकडे पाहत राहिली. लीलाबाईनं डोळे मिटून घेतले होते. उघडे असते तरी काही फरक पडला नसता. साखरेनं तिच्या डोळ्यांवर असं जाळं धरलं होतं, की दारातला उजेड कळे, माणूस उभं आहे एवढं कळे, पण पेनाच्या खिडकीतला ज्वारीएवढा आकडा काही केल्या दिसत नसे.

जुन्या पेनाचा आकडा पाहावाच लागत नव्हता. इन्सुलिनचं ते जाडजूड पेन एक घर पुढं सरकलं की टक् वाजे. सकाळी चौदा, संध्याकाळी सात, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. लीलाबाईला नुसते आकडे मोजण्याचा विश्वास वाटेना, मध्येच कोणी हाक मारली तर चुकायचं. म्हणून तिनं तिचं रोवण्यातलं गाणं कामाला लावलं. जन्मभर मोहाडीच्या शिवारात ती बांधीत धान रोवणाऱ्या बायांच्या पुढं उभी राहून गात आली होती. एका शब्दाला एक टक्.

बांधी भरली पान्यानं बाई रोप लावू वो,
ऊन आलं डोक्यावर आता घरी जाऊ वो.

सकाळी दोन्ही ओळी, संध्याकाळी पहिलीच. शेवटच्या 'वो'वर हात थांबायचा, सुई पोटात जायची, आणि लीलाबाई चुलीकडे वळायची. चार वर्षांत गाणं एकदाही चुकलं नाही.

मग गेल्या आठवड्यात पेन हातातून निसटून फरशीवर पडलं आणि त्याची शेपटी फिरेनाशी झाली. मेडिकलवाल्या धनंजयनं नवं दिलं. जुनं कंपनीनं बंदच केलं म्हणाला, नागपूरलाही मिळणार नाही. हे मऊ आहे, काकू, आवाज करत नाही, लोकायले हेच पाहिजे होतं. लीलाबाईनं घरी येऊन ते अंदाजानं फिरवलं. मंगळवारी दुपारी रश्मी ताक घेऊन आली तेव्हा म्हातारी घामानं थबथबून जमिनीवर पडली होती आणि जीभ जड झाली होती. रश्मीनं साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं म्हणून निभावलं.

ते पुण्याच्या लेकाला कळायचं राहिलं नाही. अश्वजितचा फोन आला. लेक मायेनं बोलत होता, पण त्याचं ठरलेलं होतं. सुई आपल्या हातानं घेता येत नसेल तर आता तिथं एकटीनं राहायचं नाही. रविवारी न्यायला येऊन राहिलो, कपडे बांधून ठेव.

पुण्याच्या नवव्या मजल्यावर लीलाबाई एकदा वीस दिवस राहून आली होती. लेक-सून कामावर गेले की बाहेरून कुलूप. खिडकीतून आवाज यायचे ते सगळे अनोळखी. इथं मोहाडीत तिला डोळे लागत नव्हते. पायाला गल्ली पाठ होती, पिठाच्या गिरणीचा वास आला की डावीकडं वळायचं, विहारातल्या वंदनेचा आवाज कानावर आला की दहा पावलांत आपलं दार. आकडा पाहून द्यायला रश्मी होती, पण ती सोमवारी बाळंतपणाला शहापूरला माहेरी जाणार होती. तिची सासू पार्वताबाई जिवाला जीव देणारी, पण तिला आकडाच ओळखू येत नव्हता.

"होत नाही," लीलाबाई म्हणाली आणि पेन रश्मीच्या हातात दिलं. "त्या डब्यावर फोनचा नंबर हाय म्हणत होतीस ना. लाव."

फोन लागायला वेळ गेला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग बराच वेळ बाजा वाजत राहिला. शेवटी एका मुलीचा गोड आवाज आला. मी गुंजन बोलते, म्हणाली. ग्राहक म्हणून तुमचं म्हणणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे, असंही म्हणाली.

लीलाबाईनं सगळं सांगितलं. गाण्याचं सोडून.

"मॅडम, पेनला खिडकी आहे, तिच्यात आकडा दिसतो," गुंजन म्हणाली. "आवाज मोजून डोस घेऊ नये, असं आमच्या पुस्तिकेतच लिहिलं आहे."

"पुस्तिका वाचता आली असती त आकडाच नसता का वाचला, बाई?"

रश्मीला हसू फुटलं. पलीकडं गुंजनही बहुतेक हसली, मग सावरली.

लीलाबाईचं मागणं एवढंच होतं, तो आवाज परत टाका. तिला वाटलं, हे काय मोठं काम आहे. मुलगी म्हणाली, नोंद करते. पण मॅडम, आवाज ग्राहकांच्या सांगण्यावरूनच काढला आहे.

"कोन्या ग्राहकायच्या?"

पुन्हा बाजा वाजला. मग गुंजननं कुठूनसं वाचून दाखवलं. तीन वर्षांपूर्वी गावोगाव शिबिरं घेतली होती. तुमच्याच भागात, गोंदियाला, भंडाऱ्याला. पेन वापरणाऱ्यांना विचारलं होतं, त्रास काय होतो. सगळ्यात जास्त तक्रार आवाजाची आली. कंपनीनं ती लगेच मनावर घेतली.

"बघा काकू," रश्मी फोनवर हात ठेवून चिडून म्हणाली, "कोन्या शहाण्यानं सांगितलं असंन?"

लीलाबाईला ते शिबिर आठवलं. तिचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला.

भंडाऱ्याच्या त्या हॉलमध्ये तिला अजून थोडं दिसत होतं. आधी पोहे दिले, चहा दिला, एकेक कापडी पिशवी दिली. मग एक किडकिडीत मुलगी हातात पाटीसारखं यंत्र घेऊन खुर्च्यांच्या रांगेतून फिरू लागली. पेनाचा काही त्रास? काही नाही, चांगलं हाय. तुम्हाला? चांगलं हाय वं माय. इतक्या लांबून आलेल्या, खाऊ घातलेल्या माणसांपुढं कोण खोड काढणार? मुलगी लीलाबाईपाशी आली तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. एक तरी सांगा हो, मावशी. रकाना रिकामा राहिला की सर मलाच ओरडतात.

लीलाबाईच्या दारातून आजवर कोणी रिकामं गेलं नव्हतं. पायलीभर नसले तर ओंजळभर तांदूळ, तेही नसले तर चार मिरच्या. तिनं डबे चाचपावे तसं ते पेन मनात चाचपून पाहिलं. खोड सापडेना. मग हाताला जे लागलं ते तिनं मुलीच्या पदरात टाकलं.

आवाज बहुत करते, असं लिव.

मुलीचा चेहरा असा उजळला, की बाजूच्या बाईनंही तेच सांगितलं. तिच्या बाजूचीनंही. रोवण्यात पुढची बाई ओळ म्हणते आणि मागच्या ती उचलून धरतात, तशी ती तक्रार मागच्या खुर्चीपर्यंत गेली. हो, आवाजच. आवाजच करते. सगळ्या खुदुखुदु हसत होत्या. मुलीचा रकाना भरला होता.

"हॅलो, मॅडम? आहात ना?"

"हाव, हाय मी."

"आवाज परत हवा, अशी तक्रार लिहिली आहे. पुढं पाठवते."

"अशी तक्रार किती जणायनं केली हाय?"

गुंजन थोडी घुटमळली. "तुमचीच पहिली आहे."

लीलाबाईनं मान हलवली. जणू ते तिला माहीत होतं.

मग गुंजन म्हणाली, फोन ठेवल्यावर एक संदेश येईल, माझ्याशी बोलून समाधान झालं का, एक ते पाच. आवाज जरा खाली घेऊन तिनं जोडलं, पाच दिले तर बरं होईल, मॅडम. संदेश लगेच आला. रश्मीनं तो वाचला आणि तिचा अंगठा एकावर जाऊन थांबला.

"एकच देतो म्हणतो मी. काम त काही केलंच नाही तिनं."

"पाच दे."

"काकू, काहून? तिकडं लोकायले वाटंन, सगळं चांगलं हाय."

"तिचं काय चुकलं? चांगली बोलली पोरगी. कुठं त बसली असंन बिचारी रकाने भरत. दे पाच."

रश्मीनं पाच दाबले. संदेशाचं उत्तर आलं, आभार मानणारं. तिनं ते वाचून दाखवलं नाही. पेनाची टोपी काढली, नवी सुई बसवली आणि खिडकीत पाहत शेपटी फिरवू लागली.

"अश्वजित दादाले फोन करून देतो मग. काय सांगू?"

"रविवारी ये म्हणा. कपडे बांधले म्हणा. कंपनीनं आवाज काढून टाकला, एवढं सांग. ग्राहकायनं सांगितलं म्हणून काढला, ते नको सांगू."

"त्यात काय झालं? खरं तेच सांगतो ना."

लीलाबाईनं लुगड्याचा पदर पोटावरून बाजूला केला आणि रश्मीचा हात थांबायची वाट पाहत बसली.