खणातली पट्टी

बहिणीच्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आज एकवीस दिवस झाले होते. बहिणीला ऐकू कमी येई, फोनवर बोलायचं म्हटलं की ती रडकुंडीला येई. म्हणून या वयातही भावाबहिणीची पत्रं चालू होती. या खेपेला तिने इकडचं-तिकडचं काहीच लिहिलं नव्हतं. ‘दादा, तू पोरीची गाडी उंच करून दिलीस. ती रोज डोंगरावर जाते-येते आणि इथे माझा डोळ्याला डोळा लागत नाही. सगळं तू स्वतः तपासलं आहेस ना? एवढंच लिही.’

एवढंच लिहायचं होतं. पण मामा पडले शंकेखोर. ‘तपासलं आहे’ म्हणून लिहायला बसले की पेन अडे. काय राहिलं ते आठवत नसे, पण काहीतरी राहिलंय असं वाटत राही. मग पत्र पुन्हा खिशात.

भाची जनावरांची डॉक्टर. दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी, गुरं सगळी वर. रस्त्यातल्या खडकांवर गाडीचं पोट घासतं म्हणून तिने आपल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला लिफ्ट किट आणलं होतं: उंच स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही. “मामा बसवेल,” म्हणाली. तिचं ऐकून ऐकून सगळं गॅरेजच त्यांना मामा म्हणायला लागलं होतं.

आज तशीच दुसरी गाडी आली होती. तेच मॉडेल, तेच किट.

मामांची रीत ठरलेली. एका वेळी एकच चाक काढायचं, बाकीची तीन जमिनीवर. एक्सलखाली, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली जॅक, जॅकशेजारी स्टँड, स्टँडशेजारी लाकडाचा ठोकळा. तरुणपणी त्यांनी स्टँडवरून घसरलेली गाडी आणि तिच्याखाली सापडलेला माणूस पाहिला होता. तेव्हापासून एक्सल त्यांनी कधी अधांतरी सोडला नव्हता.

“एक उशी पण द्या मामा, गाडीला झोप लागेल,” वेल्डर म्हणाला. दोन मुलांचा बाप, पण तोंडाला कुलूप नाही.

“तू तुझं वेल्डिंग बघ.”

“बघतोच आहे. तुमचा जॅक गळतोय तेही बघतोय. आज लिफ्टवर घ्या गाडी, एकदा ऐका माझं.”

जॅकखाली खरंच तेलाचं थारोळं होतं. नाइलाजाने गाडी लिफ्टवर चढली. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरून लिफ्टने ती वर उचलली. मामांनी मागच्या स्प्रिंगा बदलल्या, नवे शॉक अडकवले आणि श्वास रोखून एक्सल खाली सोडला. लांब शॉकमुळे तो नेहमीपेक्षा वीतभर जास्त उतरला, आणि चॅसीवरून एक्सलकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ झाली.

“अहो, तुटेल ती!” वेल्डर म्हणाला.

मामांनी किटचं खोकं उपडं केलं. तळातून एक वाकडी लोखंडी पट्टी खळकन पडली. नळीचं वरचं टोक खाली घ्यायची पट्टी. भाचीच्या खोक्यातही ती निघाली होती. पण तेव्हा एक्सल जॅकवर टेकलेला. नळी चांगली सैल दिसत होती. दुसऱ्या मॉडेलची असेल, असं म्हणून त्यांनी ती खणात टाकली होती.

त्यांनी खण उघडला. पट्टी तिथेच होती.

चाक खड्ड्यात गेलं की एक्सल लोंबणार, नळी ओढली जाणार. रोज थोडी थोडी. आणि एक दिवस उतारावर... पुढचं त्यांना मनातही पुरं करवेना. त्यांनी वेल्डरला नंबर लावायला लावला. भाचीचा फोन लागेना. दवाखान्यात कंपाउंडरने उचलला.

“डॉक्टर सकाळीच वर गेल्यात. गाय अडलीय एकाची.”

“मोटरसायकल आहे ना तुमच्याकडे? निघा आत्ता. गाडी उतारावर घालू नका म्हणावं. ब्रेकची मागची नळी बघा म्हणावं.”

“पण मामा, दवाखाना उघडा टाकून—”

“खड्ड्यात गेला दवाखाना!”

मामांचा चढलेला आवाज गॅरेजने आजवर ऐकला नव्हता. वेल्डरने स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत. लिफ्टखाली उभे राहून त्या नळीकडे बघत राहिले. वीस मिनिटं. चाळीस. पोरगी निघाली असेल तर? तिसऱ्या वळणाला कठडाही नाही, हे तिनेच हसत हसत सांगितलं होतं.

तासाभराने फोन वाजला.

“मामा.” भाचीचा आवाज बारीक झाला होता. “वर रेंज नव्हती. मी अर्ध्यावर आले होते रे. ब्रेकचं पेडल आज खोल जात होतं, मला वाटलं माझाच भास. पहिल्या गिअरमध्ये उतरत होते, तेवढ्यात आपला कंपाउंडर समोरून हात करत आला. वाकून बघितलं तर नळी ओली. चीर गेलीय.”

“गाडी?”

“चाकांपुढे दगड लावलेत.”

“आणि तू?”

“मी आहे ना धडधाकट. ऐक, आईला यातलं काही लिहू नकोस. ती मला पुन्हा गाडीत बसू द्यायची नाही.”

“तिथेच थांब. नवी नळी घेऊन आलोच,” एवढंच मामा बोलले.

वेल्डर सामान भरेपर्यंत ते बाकावर टेकले. ‘सगळं ठीक आहे’ असं लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते खरंही झालं असतं. भाची सुटली असती, बहीण झोपली असती, आणि दादाचा शब्द जिथल्या तिथे राहिला असता. हे वाक्य त्यांनी एकदा लिहिलंसुद्धा. मग कागद चुरगळून दुसरा घेतला.

‘तपासलं नव्हतं. एक पट्टी बसवायची राहिली आणि ब्रेकची नळी फाटत आली. पोर सुखरूप आहे. तिने लिहू नको म्हटलं होतं, तिला रागावू नकोस. चूक माझी आहे. आता नळी बदलून, एक्सल पुरता खाली सोडून बघणार आहे. तुझा विश्वास बसला नाही तर दुसऱ्या कुणाला दाखव. —दादा.’

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“येताना टाका की,” वेल्डर म्हणाला. “ती तिकडे उन्हात उभी आहे.”

“येताना माझ्याच्याने टाकवणार नाही.”

ते उतरले, पत्र पेटीत सोडलं आणि लगबगीने परत आले. “चल,” म्हणाले, “हाण गाडी.”