पोचलीस की कळव

त्या दिवशी सकाळी बाबा दारात बसून बूट पुसत होते आणि मी त्यांच्या पायांवरून उडी मारून बाहेर पडत होते. आमच्या क्वार्टरचं दार इतकं अरुंद, की एक माणूस बूट पुसायला बसला की बाकीच्यांची वाहतूक बंद. आई आतून म्हणाली, "चौक अडवून बसलेत बघा. आज यांचीच पावती फाडा कुणीतरी."

बाबा हसले नाहीत. बुटावर ब्रश फिरवत मला म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे."

"बाबा, माझं काम चांगलं चाललंय."

"चाललंय ना. दर अकरा महिन्यांनी थांबतं, परत चालतं. याला चालणं म्हणत नाहीत, धाप लागणं म्हणतात."

मी अँब्युलन्सवर होते. मागच्या भागात, रुग्णापाशी. नोकरी कंत्राटी. बाबा वाहतूक पोलीस होते आणि मी भरतीचा फॉर्म भरावा म्हणून वर्षभर मागे लागले होते. त्यांनी स्वतः पोलिसात येण्याआधी सात वर्षं अँब्युलन्सवर काढली होती, माझ्याच जागेवर. मी जन्मले, त्याच सुमाराला तिथला पगार तीन-तीन महिने रखडायला लागला आणि त्यांनी खाकी चढवली. त्या सात वर्षांबद्दल ते कधी बोलत नसत. तो विषय काढला तो मीच, आणि तोही त्या सकाळी.

"तुम्ही मन मारलंत, म्हणून मीही मारायचं का?"

ब्रश थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"पोचलीस की कळव," ते म्हणाले.

हे ते रोज म्हणायचे. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून. मी कधीच कळवत नसे. पोचणारच की, त्यात कळवायचं काय, असं मला वाटायचं.

दुपारी शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याला घेऊन आम्ही रुग्णालयाकडे निघालो. वाटेत बाबांचा चौक. मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. मागच्या काचेतून फक्त होऊन गेलेला रस्ता दिसतो. त्यामुळे आधी शिट्टी ऐकू यायची, चारी बाजूंच्या गाड्या गप्प व्हायच्या आणि चौक मागे पडला की बाबा दिसायचे. एक हात आडवा, मान आमच्या गाडीकडे. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते हात खाली घेत नसत. माझा एक हात रंगाऱ्याच्या मास्कवर होता. दुसरा मोकळा होता.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "दुपारचा पोचला?"

"हो."

"श्वास कसा होता?"

"बाबा, मी दमलेय."

"बरं," ते म्हणाले आणि माझ्या ताटावर झाकण ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते चौकातच कोसळले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्यासाठी आलेली अँब्युलन्स चौकाच्या दोनशे पावलं अलीकडे अडकली, कारण चारी रस्त्यांच्या गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या आणि त्यांना थांबवणारं कुणी उभं नव्हतं. आमची माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. त्यांनी सगळं नीट केलं. मी त्यांना एकेक गोष्ट विचारून घेतली आहे.

खात्याचा नियम असा, की सेवेत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते आणि क्वार्टरही राहतं. नोकरी नको असेल तर तीन महिन्यांत घर रिकामं करायचं. धाकटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आई शिवणकाम करते, पण ते घरखर्चाला ठिगळ लावण्यापुरतं.

"तू तुझं बघ," आई म्हणाली. "मी चार कपडे जास्त शिवीन. यांनी तुझ्यासाठी खाकी घातली, त्याचे पांग तू खाकी घालूनच फेडायला हवेस असं नाही."

हे बोलताना ती सुईत दोरा ओवत होती. तीनदा चुकला. शेवटी तिने सुई धाकटीपुढे धरली.

मी दोन आठवडे काही ठरवलं नाही. मग नुसतं विचारून यावं म्हणून कार्यालयात गेले. कारकून बाईंनी बाबांची फाईल काढली. चष्मा वर करून म्हणाल्या, "गमतीचा माणूस हो. बढती तीनदा आली, तीनदा नको म्हणाले. लोक बढतीसाठी आमचे उंबरे झिजवतात आणि हे नको म्हणून अर्ज देतात."

घरी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. वीस वर्षं एकाच चौकात उभे, म्हणून आई त्यांना खांब म्हणायची. मीही म्हणायचे, मनातल्या मनात, आणि आईइतक्या प्रेमाने नाही.

अर्ज त्यांच्याच, डावीकडे कललेल्या अक्षरातला होता. 'सदर चौक रुग्णालयाच्या वाटेवर आहे. मी पूर्वी रुग्णवाहिकेवर काम केले असल्याने गाडी रिकामी आहे की आत रुग्ण आहे, हे मला तिच्या चालीवरून कळते. तरी मला येथेच ठेवावे, ही विनंती.' दुसरा अर्ज शब्दशः तोच. तिसऱ्यावरची तारीख मी अँब्युलन्सवर रुजू झाले त्या महिन्यातली होती. त्यात शेवटी एक ओळ वाढवली होती: 'माझी मुलगी आता या वाटेने जाते-येते.'

"चौकात आता कोण असतं?" मी विचारलं.

"ज्याची ड्यूटी लागेल तो. तुम्ही सही करताय का? नाहीतर दुसऱ्या कुणाचं नाव द्या."

मला वाटलं होतं, त्या क्षणी बाबा आठवतील. मला आईची सुई आठवली. मी सही केली.

अँब्युलन्सवरच्या माझ्या शेवटच्या दिवशी आमचे ड्रायव्हर घाईकाका म्हणाले, "उद्यापासून तू तिकडची. आमची पावती फाडू नकोस म्हणजे मिळवली." घाई करू नका, हे शब्द दिवसातून पन्नासदा त्यांच्या तोंडी, म्हणून त्यांचं हे नाव.

"तुमच्या वेगाला पावती? फार तर रस्त्यात गाडी उभी केल्याची फाडीन."

"आत पेशंट असला की गाडी अशीच चालवायची. मागे बसून तुझ्या बापानेच शिकवलंय मला."

एवढं बोलून त्यांनी आरसा पुसायला घेतला.

दुपारी दम्याने घाबरीघुबरी झालेली एक बाई होती. तिची नखं निळी पडली होती. चौकाजवळ शिट्टी उशिरा वाजली. आमची गाडी मी मनात तीस मोजेपर्यंत उभी राहिली. मग वाट मिळाली. चौक मागे पडला तेव्हा मी काचेतून पाहिलं. मधला पोलीस दुसऱ्या बाजूला वळलाही होता. एका हाताने मी बाईचा मास्क धरला होता. दुसरा वर केला आणि वळण येईपर्यंत तसाच ठेवला. बाई माझ्या हाताकडे बघत राहिली.

रुग्णालयात पोचेपर्यंत तिची धाप उतरली होती. तिला डॉक्टरांच्या हवाली केलं, कागदावर वेळ लिहिली. घाईकाका चहाला गेले. मी गाडीत परत येऊन स्ट्रेचर पुसलं, चादर बदलली, मास्कची नळी गुंडाळून जागेवर ठेवली. आणखी पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी माझ्या जागेवर बसले. मागचं दार उघडं होतं.

"पोचले, बाबा," मी म्हणाले. "बाईही पोचली. श्वास चांगला होता तिचा."